शनिवारच्या जेवणाआधी वाच

नाशिक, १५ एप्रिल

प्रिय अव्या,

तीन महिने तुला एक ओळही लिहिली नाही. ओरडायचं ते शनिवारनंतर ओरड. काल शिऱ्याचा फोन आला. म्हणाला, अव्या शनिवारी ती दिंडोरीची शिराझ रेड वाइन उघडतोय आणि सोबत तांबडा रस्सा आहे. बाकी कुणीही म्हणेल, वाइनच ती, पिऊन टाका. मला काय वाटलं ते तुलाच कळेल.

तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच. इकडे द्राक्षांची खरड छाटणी चालू आहे.

तर तो रस्सा. त्या बाटलीत १४ टक्के अल्कोहोल आहे. मिरची जिभेवरच्या ज्या जागा पेटवते, त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. दोन घोटांत रश्श्याची चवही जाईल आणि वाइनचीही, उरेल नुसता जाळ. शिवाय टॅनिन. ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. त्याला धरायला मटणातली प्रथिनं मिळाली, जोडीला चरबी आणि मीठ असलं, की तोच तुरटपणा मऊ होतो. म्हणजे पांढरा रस्सा आणि सुकं मटण. तांबडा बंद करू नकोस, नाहीतर पाहुणे ताटावरून उठतील आणि नाना सगळ्यात आधी. फक्त तो बाटली संपल्यावर वाढ.

सुक्याला किलोभर मटण घे, चरबी थोडी राहू दे. कांदा-लसूण मसाला नेहमीच्या निम्मा घाल, रंगाला ब्याडगी पुरेल. खोबरं गडद तपकिरी होईपर्यंतच भाज. काळं झालं तर कडवट होतं आणि तो कडवटपणा टॅनिनला जाऊन मिळतो. उतरवताना चमचाभर मिरी भरड कुटून टाक, आधी नको, वास उडतो. शिराझला जो मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या संयुगाचा, आणि मिरीतही तेच असतं. ताटातला वास पेल्यात सापडतो तेव्हा काय होतं ते तू स्वतःच बघ. लिंबू मात्र पिळू नकोस. वाइनपेक्षा जेवण आंबट झालं की वाइन पाणचट लागते.

माईंसाठी भरली वांगी कर, दाण्याचं कूट आणि तीळ सढळ हाताने. गूळ चिमूटभरही नको, गोडामुळे वाइन आंबट-कडू लागते. म्हणूनच श्रीखंड आलं की पेले उचल. आणि नानांची तळलेली सुरमई त्या दिवशी नको. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि तोंडात शिळ्या माशाची चव राहते.

आता जुनं भांडण. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची’ हे तुझं पालुपद. अरे, ती खोली युरोपातल्या थंडीतली! १६ ते १८ अंश हवेत. तुझ्या बैठकीत आत्ता ३३ असतील, त्यात अल्कोहोल सरळ नाकात चढतं आणि फळाचा वास मागे पडतो. फ्रीजमध्ये दीड-दोन तास ठेव, नाहीतर बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं. त्याहून गार केलीस तर टॅनिन खरखरीत लागतं. शिऱ्या तुझ्या बाजूने बोलेल. ऐकू नकोस.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेव, गाळ तळाशी बसू दे. आठला पानं वाढणार असशील तर सव्वासातला उघड आणि काचेच्या जगमध्ये हळूच ओत, शेवटचा दोन बोटं गाळ बाटलीतच सोड. पेला तिसरा हिस्साच भर, वर वासाला जागा हवी. ७५० मिलीतला गाळ सोडला की सहा जणांना प्रत्येकी सव्वाशे मिलीहून थोडी कमीच येईल. उरणार नाहीच. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेव, तीन दिवसांत संपव.

चिनूचा निकाल लागला का? घराचा ताबा मिळाला? वहिनींना नमस्कार. हे सगळं सविस्तर लिही, मी यावेळी लगेच उत्तर देईन.

आणि ती बाटली अजून ओट्यावरच्या फळीवर असेल तर हे वाचून होताच उतरव. खाली गॅस पेटतो रे रोज. या उन्हाळ्यात तिथेच राहिली तर मुरांब्यासारखी शिजकट होईल, मग मटण कितीही जमलं तरी उपयोग नाही.

सुकं वाढलंस की एक घास, मग एक घोट. आणि तिथूनच फोन कर, कितीही वाजू दे.

तुझाच,
बाळ्या