शुभास पत्र

वेंगुर्ले,
आषाढातला रविवार

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. घरात एवढी माणसं असताना फोनवर हे बोलता येत नाही, हे तू न लिहिताही कळलं. म्हणून मीही कागदावरच उत्तर देते. वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल.

‘मी सख्ख्या भावाला, बाळूला किडनी देऊ की नको?’ असं विचारलंयस. त्याचं उत्तर मी देणार नाही. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही. आई म्हणाली, शुभाचा ग्रूप जुळतो. अण्णा म्हणाला, तिची तब्येत ठणठणीत आहे. तुझी वहिनी, बाळूची बायको, रडली. देवळात कौल लावला, तो उजवा, म्हणजे होकाराचा, आला. आणि तुला कोणी विचारलं? तुझी आई, तुझा भाऊ, गावची देवी, सगळ्यांची मतं आली, तुझंच तेवढं राहिलं.

कौलाबद्दल मी वाईट बोलणार नाही, आपण त्याच अंगणात वाढलो. पण गाऱ्हाणं काय घातलं होतं ते गुरवाला एकदा विचार. ‘बाळूचं ऑपरेशन सुखरूप होईल का?’ असं घातलं असेल, तर देवीने उत्तर त्याचंच दिलं. ‘शुभाने द्यावी का?’ असं तिला कुणी विचारलेलं दिसत नाही, आणि विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. शेवटी तीही बाईच.

आणखी एक लिहिते, राग मानू नकोस. कलमांच्या बागेचं हक्कसोडपत्र झालं तेव्हा तू सही करून मोकळी झालीस. ‘दिल्या घरची झाली, तिला कशाला हवी जमीन’ असं तेव्हा बोलणारी माणसं आज ‘रक्ताचं नातं’ म्हणतायत. बाळूवर तुझा जीव आहे हे मला ठाऊक आहे. देशील तर त्या जिवापोटी दे. नातं कधी सातबाऱ्यावरून उतरवायचं आणि कधी चढवायचं, हे अण्णाने ठरवायचं आणि तू मान हलवायची, असं मात्र होऊ देऊ नकोस.

हे एवढ्या ठामपणे का लिहितेय, तर माझ्या दादाच्या मुलाच्या, प्रसादच्या वेळी मी याची दुसरी बाजू पाहिली. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

शिमग्याला घरी येताना कणकवलीच्या अलीकडे हायवेवर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. तिथून कोल्हापूरला नेलं, फोंडा घाटातून, रात्रीच. डोक्याला मार होता, बाकी अंगावर खरचटलेलंसुद्धा फारसं नव्हतं. काही दिवसांनी डॉक्टरांनी दादा-वहिनीला आत बोलावलं आणि मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. ज्या दमात ते सांगितलं, त्याच दमात अवयवदानाचं विचारलं. विचारणं त्यांना कायद्याने भागच असतं. पण आधी मरण सांगावं, ते घरच्यांच्या मनात उतरायला थोडा वेळ द्यावा आणि मग दुसऱ्या कुणीतरी, त्याच कामाच्या समन्वयकाने, वेगळं बसून विचारावं, अशी याची रीत आहे. त्या रुग्णालयात ती पाळली नाही.

वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, “आंग गरम हा, छाती वर-खाली होताहा, आणि म्हणतास मेलो? माझ्या झिलाक कोणी कापूचा नाय.”

तिचं काय चुकलं, सांग? व्हेंटिलेटर हवा भरत होता, हृदय आपापलं चालत होतं. आपल्याकडे माणूस गेला म्हणजे श्वास थांबला. मेंदूचं खोड बंद पडलं की माणूस गेला, हे १९९४ च्या कायद्याने मान्य केलं, पण कायद्याने मान्य केलेलं आईच्या तळहाताला कसं पटायचं? मी एका ज्युनिअर डॉक्टरला गाठून विचारलं, तेव्हा त्याने नीट सांगितलं. चार डॉक्टरांचं पॅनेल असतं, अवयव काढणारा किंवा बसवणारा त्यात कोणी नसतो. डोळ्यात बॅटरी मारून बाहुली हलते का बघतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून श्वास स्वतःहून येतो का ते पाहतात. आणि हे सगळं किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करतात. हे कोणी वहिनीसमोर, तिला समजेल अशा भाषेत बोललं असतं तर! ती चाचणी तिने काचेतून पाहिली असती तरी फरक पडला असता असं मला वाटतं.

दादा जवळजवळ तयार झाला होता. तेवढ्यात लालबागहून काकांचा फोन आला. त्यांनी प्रसादला शेवटचं कधी पाहिलं होतं देव जाणे, पण आपल्याकडे चाकरमान्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. “दिवसकार्याक कावळो शिवलो नाय तर गावात तोंड खय दाखवतलास?” म्हणाले. झालं, दादाने नाही सांगून टाकलं. कायद्याप्रमाणे संमती जवळच्या नातेवाइकाची लागते, चुलत्याला त्यात जागाच नाही. पण कायदा एकाला विचारतो आणि आपण सतरा जणांना विचारतो, त्यातला एक नाही म्हणाला की बाकीच्यांना सुटल्यासारखं होतं. प्रसादने स्वतः फॉर्म भरून कार्ड पाकिटात ठेवलं असतं तरी घरच्यांना विचारल्यावाचून कोणी पुढे गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं हृदय थांबलं. यंत्रं बंद झाली, छाती हलायची थांबली. आणि शुभा, कोणी काही विचारायच्या आत वहिनी नर्सला म्हणाली, “डोळे घेतंत ना? ते घेवा.” डोळे सहा तासांच्या आत घेता येतात, साध्या मरणानंतरही. ते घेतले. अपघाताची केस म्हणून पोस्टमॉर्टेम तसंही व्हायचंच होतं. म्हणजे ज्या कापण्यासाठी नाही म्हटलं ते टळलं नाहीच. मला तेव्हा कळलं की वहिनीने दानाला कधीच नाही म्हटलं नव्हतं. तो गेलाय, हे ती मानत नव्हती. तिचं ‘नको’ सगळ्यांनी ऐकलं, पण ते कशाला होतं हे कुणी विचारलं नाही.

आता या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून बघते. गेलेल्या माणसाच्या बाबतीत कुठल्याही चुलत्याचा नकार चालतो, आणि जिवंत बाईच्या बाबतीत तिचा स्वतःचा चालत नाही. २०२३ साली आपल्या देशात अठरा हजारांवर प्रत्यारोपणं झाली, आणि मृत्यूनंतर अवयव देणारे अकराशेच्या आसपास होते. उरलेला सगळा भार जिवंत माणसांवर, त्यात देणाऱ्या बायका जास्त आणि घेणारे पुरुष जास्त. लालबागच्या काकांनी तिकडे दिलेला नकार कुठल्या तरी घरातली शुभा भरून काढते.

कायदा तुझ्या बाजूने आहे, हे लक्षात ठेव. सख्खी बहीण ‘जवळचं नातेवाईक’ या व्याख्येत बसते. पण देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री किडनी घेणाऱ्या रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी, असं २०१४ च्या नियमांत सरळ लिहिलंय. म्हणून समन्वयकाला एकटीने भेटायचंय असं सांग. तिथे मनातलं बोल. टेबलावर नेईपर्यंत कधीही माघार घेता येते. सासूबाई ‘आमची परवानगी’ म्हणतायत, त्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय की नवऱ्याचं ना-हरकत पत्र कायद्यात कुठेही लागत नाही. तरी भाऊजींशी बोल. परवानगीसाठी नाही, पण पुढे काही आठवडे हंडा-कळशी उचलायची नाही, तेव्हा पाणी कोण भरणार?

बाळूच्या किडन्या साखरेने गेल्या, आईलाही साखर आहे. तेव्हा तुझी तपासणी नुसत्या रक्तगटावर भागवू देऊ नकोस. ग्लुकोज पाजून साखर बघायला सांग, रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन, सगळं. एका किडनीवर माणूस चांगला जगतो, उरलेली हळूहळू जादा काम उचलते, हे खरं. ऑपरेशनमध्ये देणारा दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनेक, हेही खरं. पण उद्या तुला साखर झाली तर ती एकाच किडनीवर येईल, हे डॉक्टरांकडून तुझ्या तोंडावर, आईसमोर ऐकायला हवं.

बाळूच्या बायकोचं नाव गट जुळत नाही म्हणून पहिल्याच दिवशी बाद केलंत, ते मला पटलं नाही. अशीच न जुळणारी दुसरी जोडी मिळाली तर त्यांची आपल्याला आणि आपली त्यांना, अशी अदलाबदल २०११ च्या दुरुस्तीपासून चालते. आणि अण्णा? त्याचं रक्त तपासलं का? ‘तो कमावता’ हे कारण मी ऐकणार नाही, तूही कमावतीच आहेस. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत बाळूचं नाव आजच घालायला सांगा. तिथे नंबर लागायला वर्षं जातात, म्हणून तर उशीर नको.

पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी आहे, मी रत्नागिरीला येते. तुमच्या फाइली काढून ठेव, डिस्चार्ज कार्डांसकट. अण्णालाही बोलावून घे. त्याच्याशी मी बोलेन, तुला जमणार नाही.

तुझीच,
माधवी

ता. क. आई बाळूला रोज शहाळं पाजते असं लिहिलंयस. ते आधी बंद कर. डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगात पोटॅशियम साठतं, आणि शहाळ्यात ते भरपूर असतं. त्याने हृदय बंद पडू शकतं. आंब्याचंही तेच. डायलिसिसला जाईल तेव्हा तिथे आहाराचा कागद मागून घ्यायला सांग, आणि तो स्वयंपाकघरात लाव.