एसटीतले 'फुकटवाले'

महोदय,

गेल्या मंगळवारी पुसेगावहून म्हसवडच्या गाडीत बसलो. शाळा नुकतीच सुटलेली, पाय ठेवायला जागा नाही. मधल्या बाकावर खिडकीशी एक आजी होत्या. नऊवारी लुगडं, मांडीवर बोचकं, एका मुठीत लिंबू आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. वाहक अजून पुढच्या दारापाशीच होता, तरी यांनी कार्ड काढून धरलेलं. बाजूला उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "ए आजे, फुकटात खिडकीबी पायजे व्हय?" चार जण हसले. आजी काही बोलल्या नाहीत. बोचकं कवटाळून कडेला सरकल्या आणि पोरगा खरोखरच खिडकीत जाऊन बसला.

मी १९८७ ते २०१८ एसटीत वाहक होतो. पोराचा राग आलाच, पण 'फुकट' हा शब्द जास्त लागला. हल्ली प्रवाशांच्या तोंडी तो सर्रास असतो. पंच्याहत्तरी ओलांडलेले ते 'फुकटवाले', बायका त्या 'हाफवाल्या'. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, ती 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजना. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं झालं, तिचं तर नावच 'महिला सन्मान योजना'. सन्मान कागदावर, आणि गाडीत "हाफवाल्यांनो, सरका मागं!"

आजींना वाहक शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो, ते उगाच नाही. अशा तिकिटांच्या हिशेबावर सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं. म्हणजे त्यांच्या जागेचे पैसे भरायची सोय झालेली आहे, फक्त ते त्यांच्या कनवटीचे नाहीत. एसटीत सवलत आमदारांनाही आहे, अधिस्वीकृतीधारक पत्रकारांनाही आहे. त्यांना कुणी फुकटवाले म्हटल्याचं माझ्या सबंध नोकरीत ऐकलं नाही. (संपादकसाहेब, राग नसावा.)

आता माझंही सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा अंगात कोरी खाकी, छातीवर बिल्ला आणि तोंडात कायम 'ए'. "ए बाई, पाटी मागं घे!" कोरेगावला भाजी विकायला जाणारी एक बाई रोज आमच्या गाडीला असायची. उतरताना ड्रायव्हरला रामराम, कधी कोथिंबिरीची जुडी. मला मोजून सुट्टे पैसे, शब्द एक नाही. दोन-तीन महिने हेच. एकदा सुट्ट्याची अडचण होती म्हणून तिच्या तिकिटाच्या मागं आठ आणे लिहून दिले आणि गर्दीत परत करायचे राहून गेले. दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी बदलली. आठवड्यानं पुन्हा त्या गाडीवर आलो, तर आठ आणे वरच्या खिशात वेगळे ठेवलेले होते. ती चढली तशी हातावर टेकवले. "मावशी, तुमचे राहिले होते." 'ए बाई'ची 'मावशी' कशी झाली ते मलाही कळलं नाही, देणेकऱ्याची जीभ जरा नरमच असते. तिनं नाणं उलटंपालटं करून बघितलं. "मास्तर, ध्यानात ठिवलं व्हय!" तोवर मला तिनं कशानंच हाक मारली नव्हती. त्या दिवसापासून रामराम सुरू झाला. जुडी मात्र शेवटपर्यंत ड्रायव्हरचीच राहिली.

हे सगळं आठवलं म्हणून पोरावर ओरडायला जीभ रेटेना. एवढंच म्हणालो, "बाबा, यंदा मला पासष्ट पुरी झाली. मीही आता अर्ध्या तिकिटाचा. माझी अर्धी जागा कुणाला देऊ सांग." तो हसला, पण उठला नाही. पुढं काय बोलावं ते मला सुचलं नाही.

वाहक आला. पंचविशीच्या आतबाहेरचा असेल. आजींचं कार्ड बघितलं, मशिनमधून तिकीट काढलं. "जपून ठेवा आजी, तपासनीस आला तर लागंल." मग त्यांच्या मुठीकडं बघून विचारलं, "गाडी लागते काय तुम्हाला?" आजींनी मान हलवली. वाहक पोराला म्हणाला, "दादा, जरा उठता का? आजींना वाऱ्याला बसू द्या."

"उठता का" म्हणाला. ऊठ नाही. पोरगा मुकाट्यानं उठला, वर बोचकं खिडकीशी नेऊन ठेवलं.

लिंबू मी पुसेगावपासून बघत होतो. ते कशासाठी आहे, हे एकतीस वर्षं गाडीत काढूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एक निवृत्त वाहक,
कोरेगाव, जि. सातारा