'ही गोष्ट तुमचीच का हो?'

संपादक महोदय,

महिला दिनानिमित्त आपल्या पुरवणीने जाहीर केलेल्या कथास्पर्धेचे नियम वाचले. विषय 'घरातील अव्यक्त हिंसा'. उत्तमच. पण पुढची अट अशी, की कथेसोबत लेखिकेचे खरे नाव आणि फोटो हवा आणि दोन्ही छापले जातील. ही अट काढावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी आम्ही दहाबारा जणी लिहिलेले एकमेकींना वाचून दाखवतो. मागच्या पावसाळ्यात एकीने कथा आणली, मुलीच्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेली. वही मी हातात घेऊन पाहिली. आधी सगळीकडे 'मी' होते, ते खोडून 'ती' केले होते. कथेतली बाई नवऱ्याच्या स्कूटरचे स्टँड कसे वाजते यावरून त्या रात्रीचा अंदाज बांधते. हळू लागले तर पोळ्या लाटत राहते. खाडकन आपटले तर आधी ओट्यावरची काचेची बरणी उचलून फळीवर ठेवते. मारहाणीचे एक वाक्यही नव्हते. तरी ऐकताना आमच्यातल्या दोघींनी माना खाली घातल्या, त्या वर केल्याच नाहीत.

वाचून झाल्यावर कुणीतरी विचारले, "अगं, हे तुझंच ना?" ती हसली. पुढचे तीन शनिवार आलीच नाही.

'मी' खोडून 'ती' लिहिले, तेव्हा कुठे तिला बोलता आले होते. आम्ही तो आडोसाच ओढून काढला. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे माहेरी शिकवलेले असते, सासरी पाठ होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. त्यांना फोटो मागायचा?

आपल्याकडे हे नवे नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तो 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. केवढा गदारोळ झाला! कथांपेक्षा ही बाई कोण, याचीच चौकशी जास्त. ते नाव नसते तर खऱ्या लेखिकेला, बाळूताई खरे यांना, त्या कथा छापता आल्या असत्या का, मला शंका आहे.

आणखी एक. परीक्षकांनी कथेत रक्त शोधू नये. आमच्या गटातल्या दुसऱ्या कथेत नोकरी करणाऱ्या बाईचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते आणि ती रोज बसच्या तिकिटापुरते पैसे मागून घेते. "यात कसला आलाय छळ?" असे आमच्यातच एकीने विचारले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळही धरला आहे, हे तिला त्या कथेच्या निमित्ताने कळले. ती स्वतः बँकेतून निवृत्त झालेली!

तेव्हा टोपणनाव चालेल असे स्पष्ट छापावे. बक्षिसासाठी खरे नाव लागत असेल तर ते कार्यालयातच ठेवावे. आणि मुलाखत घेतलीच, तर वर शीर्षकात लिहिलेला प्रश्न तेवढा विचारू नये.

चौथ्या शनिवारी ती परत आली. कथा पुरी व्हायची आहे. स्पर्धेला पाठवायची का, ते अजून ठरत नाही.

– एक वाचक, सातारा जिल्हा
(माझेही नाव छापू नये. गाव लहान आहे, माझ्यावरून ती ओळखू येईल.)