रेडिएटर कोमट म्हणजे पंप बिघडला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर तापवणाऱ्या हीट पंपावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ‘बाहेर बर्फ पडत असताना हवेतून उष्णता कुठून मिळणार?’ हा त्यातला प्रश्न मला ग्राहकही विचारतात. फ्रीज-एसीच्या दुरुस्तीत वीस वर्षं काढली, म्हणून लिहितो.

चालू फ्रीजच्या मागच्या जाळीला हात लावून पाहा, गरम लागेल. ती आतून उपसून बाहेर टाकलेली उष्णता. हीट पंप उपसतो बाहेरच्या हवेतून आणि सोडतो घरात, एवढाच फरक. शून्य अंशाची हवा आपल्याला गार लागते, पण त्यातली उष्णता पार संपायला उणे २७३ अंश गाठावे लागतील. काही पंपांत प्रोपेन गॅस असतो, तो साध्या दाबाला उणे ४२ अंशांनाच उकळतो. म्हणून गार हवेतूनही तो उष्णता ओढतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. थंडी वाढली की हे प्रमाण उतरतं, हे मात्र ग्राहकाला आधीच सांगायला हवं.

एका घरी ‘पंप बंद पडतोय’ म्हणून बोलावलं होतं. बाहेरच्या युनिटच्या पात्यांवर पांढरा बर्फ धरला होता. मी उभा असतानाच पंखा थांबला, फस्स आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि खाली पाणी गळू लागलं. थोड्या वेळाने पंखा पुन्हा सुरू. ते नेहमीचं डीफ्रॉस्ट होतं, म्हणजे पंप स्वतःच धरलेला बर्फ वितळवत होता, बिघाड नव्हे. खरी चूक घरात होती. खोल्या तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर कोमट लागतात म्हणून त्यांतल्या पाण्याचं तापमान ६० अंशांवर नेलं होतं, शिवाय रोज रात्री पंप बंद, मग सकाळी गार घर पुन्हा तापवायचं. बिल फुगणारच! मी ते ४५ वर आणलं आणि रात्रंदिवस चालू ठेवायला सांगितलं. रेडिएटर मोठे होते म्हणून भागलं. लहान असते तर आधी ते बदलावे लागले असते.

बसवणाऱ्याने हे समजावलंच नव्हतं, याचा मला राग येतो. कोणत्या खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, याचा लेखी हिशेब पंप घेण्याआधी मागावा. तो कसा वाचायचा, यावर आपण एक सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक