वीस शिलिंगांची घंटा

चरई, ठाणे
रविवार, रात्री

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी लंडनमध्ये मी कुठे हरवलो होतो, हे तू फोनवर पुन्हा विचारलंस, म्हणून आता लिहूनच टाकतो. लंडन आयचं, त्या नदीकाठच्या मोठ्या पाळण्याचं, तिकीट मी फुकट घालवलं, कबूल. फोन बंद ठेवला होता, तेही कबूल. तुमच्या जिवाला घोर लागला याचं खरंच वाईट वाटतं. पण मी हरवलो नव्हतो रे. नाटकाला उभा होतो.

सकाळी तू मला लंडन ब्रिजला सोडलंस आणि म्हणालास, मार्केटमध्ये फिरा, मग नदीकाठाने चालत चारपर्यंत पाळण्यापाशी या. मार्केटमध्ये चीजचा असा काही वास की मी पाचव्या मिनिटाला बाहेर. तेवढ्यात शेजारच्या सदर्क कॅथीड्रलच्या घंटा सुरू झाल्या. एकामागून एक, वरच्या सुरातून खाली उतरत. आता चाल लागेल म्हणून थांबलो, पण चाल लागेचना. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, वर बारा घंटा आहेत, प्रत्येकीच्या दोराला एक माणूस, आणि क्रम सतत बदलत ठेवायचा, चाल वाजवायचीच नसते.

मला भीमाशंकर आठवलं. तुला कडेवर घेऊन तिथली ती मोठी घंटा दाखवली होती. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, ही गोष्ट मी तुला मोठ्या ऐटीत सांगितली होती. घंटा गेल्यावर ज्यांचा बुरूज मुका झाला त्यांचा विचार तेव्हा शिवला नव्हता. तलावपाळीवर आयुष्य गेलं, एका अंगाला गडकरी रंगायतन, जरा पुढे सेंट जॉनचं चर्च. गडकरीच्या विंगेतला खिळा न् खिळा मला ठाऊक, पण चर्चची पायरी चढलो ती फक्त तिथल्या शाळेच्या कामासाठी. लंडनला मात्र बाईंनी पुस्तिका हातात दिली आणि मी आत जाऊन बसलो.

कधी उठायचं, कधी बसायचं, ते पुढच्या रांगेतल्या आजोबांकडे बघून केलं. आपल्याकडे सत्यनारायणाला नवखा पाहुणा करतो तसंच. मध्येच सगळे एकदम वळून शेजाऱ्याशी हात मिळवू लागले, शांती असो म्हणू लागले. दसऱ्याला सोनं देतात तसं वाटलं मला. त्या आजोबांचे हात बर्फासारखे गार होते, त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. प्रसादाच्या वेळी बाईंनी खुणावलं, छातीवर हातांची घडी घालून पुढे या, नुसता आशीर्वाद मिळेल. गेलो. पाद्रीबाईंनी डोक्यावर हात ठेवला. (हे तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, बाप्तिस्मा घेऊन आलात की काय!)

नंतर फरशीवर एक नाव दिसलं, एडमंड शेक्सपियर. विल्यमचा धाकटा भाऊ, तोही नट. 1607 च्या डिसेंबरात, सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्या दफनाच्या नोंदीत लिहिलंय की सकाळच्या वेळी मोठी घंटा वाजवली, खर्च वीस शिलिंग. सकाळीच का? तर दुपारी नाटकं असायची, सोबतच्या नटांना येता यावं म्हणून, असं म्हणतात. पैसे बहुधा मोठ्या भावाने भरले. मी तिथून हललोच नाही कितीतरी वेळ. प्रयोगाची वेळ सांभाळून अंत्यसंस्कार उरकणारी माणसं मी आपल्याकडेही पाहिली आहेत.

मग पाळण्याकडे पाय कसे वळणार? ग्लोब, म्हणजे शेक्सपियरच्या नाट्यगृहाची नव्याने बांधलेली प्रतिकृती, तिथून चालत दहा मिनिटं. उभ्याचं तिकीट पाच पौंडांपासून. नाटक होतं शेक्सपियरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’. लाकडी गोल इमारत, गवताचं छप्पर, मधलं अंगण उघडं, त्यात सातशे माणसं उभी. मूळचं ग्लोब 1613 मध्ये जळालं, प्रयोगात तोफ उडवली आणि छपरालाच ठिणगी लागली. एकाची विजार पेटली, ती बिअर ओतून विझवली म्हणे. रोज बँक सुटल्यावर, पस्तीस वर्षं नाटकाच्या दिव्यांच्या डिमरवर बसलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

मी तिसऱ्या घंटेची वाट पाहत होतो. तुला आठवतंय ना? सहा वर्षांचा होतास, स्पर्धेच्या प्रयोगाला मी हौसेने तुला बटण दाबू दिलं आणि तू पहिल्यापाठोपाठ तिसरी देऊन मोकळा! नायकाच्या एकाच गालाला रंग होता. इथे घंटा झाली नाही, काळोखही झाला नाही. नट आले आणि बोलू लागले. पडदा नाही, स्पॉट नाही, दिव्यांवर रंगीत जिलेटिन नाही. मी मंचाच्या कडेला कोपर टेकवून उभा, विदूषकाने वाक्य थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं. आपण आयुष्यभर प्रेक्षकाला अंधारात बसवलं रे.

अर्ध्यात पाऊस आला. तिथे छत्री उघडू देत नाहीत, खाली बसूही देत नाहीत. मी मांडी घालायला गेलो तर एका स्वयंसेवक आजींनी हसत हसत उठवलं, त्या माझ्याहून थोरल्या असतील. सगळे भिजत उभे. शेवटी विदूषक गाणं म्हणतो तेही रोजच्या पावसाचंच, तेव्हा अख्खं अंगण हसलं. माझे गुडघे म्हणत होते घरी चला, पण मी टाळ्या संपेपर्यंत हललो नाही.

एका गोष्टीचा राग मात्र आला. 2012 मध्ये याच मंचावर 37 भाषांत शेक्सपियरची 37 नाटकं झाली. हेच नाटक हिंदीत झालं, गुजराती आली, बंगाली आली. मराठी नाही! आगरकरांनी 1883 मध्ये हॅम्लेट मराठीत आणलं होतं, आणि आपण यादीत नाही.

पाळण्याच्या तिकिटाचे पैसे तुझ्या खात्यात टाकले आहेत, वाद घालू नकोस. माझं निळं जॅकेट तुझ्याकडेच राहिलं, अजून ओलं असेल तर बाहेर वाळत घाल. आतल्या खिशात प्रार्थनेची पुस्तिका आहे. तिच्या मागच्या पानावर मी ग्लोबच्या मंचाचा नकाशा काढलाय, खांब कुठे आणि दारं कुठे. धुण्याआधी तेवढी काढून घे आणि कुणी येणार असेल त्याच्या हाती पाठव.

तुझा,
बाबा