प्लेटलेट्स कमी, तरीही गुठळी

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात प्लेटलेट्स इतक्या कमी असताना रक्ताची गुठळी होईलच कशी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण रक्त गोठणं एकट्या प्लेटलेट्सच्या हाती नसतं. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, तशीच त्या गोठण्याला आवर घालणारीही. तुझ्या केमोतल्या ॲस्परॅजिनेज या औषधाने दोन्ही घटतात, आणि अँटिथ्रॉम्बिनसारखा आवर सुटला की पारडं गुठळीकडे झुकतं. त्यात डेक्सामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गोठवणारे काही घटक वाढतात. शिवाय शिरेत पिक लाइन, म्हणजे औषधं देण्यासाठी दंडातून आत घातलेली लांब नळी. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत, म्हणजे इंडक्शन या उपचाराच्या पहिल्या टप्प्यात, जास्त जपायचं. तुझ्या वयाच्या मुलांना हा धोका लहानग्यांपेक्षा अधिक असतो.

लाइनच्या बाजूचा हात, खांदा, गळा सुजला, दुखला, बाही अचानक घट्ट झाली, तर लगेच सांग. पोटरी एकाच पायाची सुजली तरीही. धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, तर थेट इमर्जन्सी.

मला सर्वांत काळजी डोकेदुखीची वाटते, कारण ती तू अंगावर काढशील. एलपीनंतरची (कमरेत मणक्यापाशी सुई घालतात त्यानंतरची) डोकेदुखी बहुधा उठून बसलं की वाढते आणि आडवं पडलं की उतरते. मेंदूच्या शिरेतल्या गुठळीची पडूनही राहते, कधी पडल्यावरच वाढते. सोबत उलट्या, अंधुक किंवा दुहेरी दिसणं, एक हात जड होणं, फिट येणं. ही कोणती, हे तू ठरवू नकोस. ते स्कॅनवर कळतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव.

लाइन फ्लश होत नसेल, म्हणजे सिरिंजने सलाइन आत जात नसेल, तर जोर लावायचा नाही, लावू द्यायचाही नाही. १० मिलीपेक्षा लहान सिरिंजने आत दाब फार वाढतो, लाइन फाटू शकते. त्या हातावर बीपीचा पट्टा नको.

गुठळी निघालीच तर एनोक्झापॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन सुरू होतं, डोस वजनावर, बहुधा दर १२ तासांनी. बेंबीपासून ५ सेंटीमीटर दूर, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ ९० अंशांत. नंतर चोळायचं नाही, काळंनिळं होतं. दर वेळी बाजू बदलायची. प्लेटलेट्स ५०,०००च्या खाली गेल्या की डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात. आपण मनाने नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको.

आणि एक, जे विचारायला तुला संकोच वाटेल: पाळी थांबवायची गोळी कुणी सुचवली तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखव. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका आणखी वाढतो.

प्रत्येक इंजेक्शनची वेळ वहीत लिही. पूर्ण डोस चालू असेल तर शेवटचं इंजेक्शन आणि एलपी यांत साधारण २४ तासांचं अंतर लागतं, नाहीतर मणक्यापाशी रक्तस्राव होऊ शकतो. चुकून एखादं घेतलंस तर तसं सांग, एलपी पुढे ढकलता येते.

तुझी,
आई