उत्तेजित अणूला नऊ व्होल्टही पुरतात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विज्ञान पुरवणीतील क्वांटम संगणकावरच्या लेखात, अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला ‘अतिप्रचंड’ विद्युतक्षेत्र लागते, असे सरसकट म्हटले आहे. साध्या अणूसाठी ते खरे. पण लेखाचा विषय होता रिडबर्ग अणू, म्हणजे ज्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून खूप दूरच्या, वरच्या पातळीवर नेलेला असतो असा उत्तेजित अणू, आणि तिथे ते साफ चूक आहे.

लागणाऱ्या क्षेत्राचा हिशेब असा: 32 कोटी भागिले मुख्य पुंजांकाचा (इलेक्ट्रॉनच्या पातळीच्या क्रमांकाचा) चौथा घात, उत्तर दर सेंटिमीटरला व्होल्टमध्ये. पुंजांक 30 असेल तर सुमारे 400, 50 ला 51, आणि 80 ला जेमतेम 8. एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन जाळ्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडली की इलेक्ट्रॉन सुटलाच! रुबिडियम अणूच्या एस-अवस्थेत (इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग शून्य असताना) मात्र पुंजांकातून आधी 3.13 वजा करावेत. ते विसरले तर 30 साठी 615 च्या जागी 400 धरले जातात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या शोधकावर काहीच दिसत नाही.

प्रयोगात अणूची अवस्था ओळखताना हे क्षेत्र एकदम लावत नाहीत, काही मायक्रोसेकंदांत चढवत नेतात. वरच्या अवस्थांतले इलेक्ट्रॉन आधी सुटतात, त्यामुळे शोधकावरच्या संकेताच्या वेळेवरून अवस्था कळते. चढ फार वेगाचा झाला तर संकेताची शिखरे पसरून एकमेकांत मिसळतात. उशीर केला तर खोलीच्या उष्णतेचे प्रारणच अणूला शेजारच्या अवस्थेत ढकलते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सर्ज अरोश यांच्या 2012 च्या नोबेलमागील प्रयोगांत 50 आणि 51 या अवस्था अशाच ओळखल्या जात.

सांगली-मिरजेतली बी.एस्सी.ची मुले या पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवतात. दुरुस्ती आकड्यांसह छापावी, ही विनंती.

– भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, सांगली